गाडी थांबते तेव्हाचे बूट

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. रुजू होण्याचं पत्र हातात धरून मी दारात उभी होते, आणि टेबलामागचा तो उंच, सुकलेला माणूस चष्मा कपाळावर सारून माझ्या पायांकडे बघत होता. पायांत पांढऱ्या पट्ट्यांच्या सँडल होत्या. नगरहून निघताना आईनं हौसेनं घेऊन दिलेल्या.

"मराठी ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग मराठीतच सांगतो. या सँडल घरी ठेव. आईला पत्र लिही, छान आहेत म्हणून. पण फील्डवर यांचं काही काम नाही."

त्यानंतर त्यांनी माझं नाव विचारलं.

आमचं खातं विहिरी मोजायचं. दिल्लीच्या आसपासच्या आणि पुढं हरियाणातल्या गावांत ठरलेल्या विहिरी होत्या. वर्षातून चारदा तिथं जायचं, स्टीलच्या टेपच्या टोकाला खडू फासून ती विहिरीत सोडायची, खडू जिथवर ओला झाला ती खूण वाचायची आणि पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचं. ऐकायला सोपं. पण या विहिरी काही रस्त्याच्या कडेला नसत. खात्याच्या मोटारसायकलवरून जमेल तिथवर जायचं आणि पुढं चालायचं. निरीक्षकांच्या त्या खोलीत मी पहिलीच मुलगी. मला शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं, कारण बाकी कुणी ते घ्यायला तयार नव्हतं.

ते साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. पंधरा वर्षं फौजेत होते. मोटारसायकलवरून टपाल आणि हुकूम पोचवायचं काम. तिथून सुटल्यावर या खात्यात आले आणि दिल्लीचेच झाले. ऑफिसात सगळे त्यांना हवालदारजी म्हणत. मी आधी 'सर' म्हणून बघितलं. ते म्हणाले, "सर बिर नको. काका म्हण. आर. के. पुरमात अर्धा सेक्टर मला काकाच म्हणतो."

काकांकडे बुटांचा एकच जोड होता. तपकिरी, घोट्याच्या वर चार बोटं येणारा. त्याचे तळ सात वेळा बदललेले होते. तोच जोड फील्डवर, तोच ऑफिसात, तोच लग्नाला. सेक्टरमधल्या मराठी लोकांच्या गणपतीला मंडपाबाहेर चपलांचा ढीग पडलेला असे. काका एक बूट ढिगाच्या या टोकाला ठेवत आणि दुसरा पार त्या टोकाला. कुणी हसलं की म्हणत, "एक बूट कोण चोरतंय?" आरती संपल्यावर ते एका पायात बूट घालून दुसऱ्याकडे लंगडी घालत जायचे. काकू तेवढा वेळ दुसरीकडे बघत राहत.

त्यांची दोन्ही मुलं दिल्लीत वाढलेली. काकडीला खीरा म्हणायची, उंबरठा म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. काकांना त्याचं काही वाटत नसे. पण टाच, घोटा, चवडा, पोटरी, तळवा हे शब्द मुलांना चुकूनही चुकलेले चालत नसत. धाकटा एकदा माझ्यासमोर 'एडी दुखते' म्हणाला. काका शांतपणे म्हणाले, "एडी दुखत असेल तर डॉक्टरकडे जा. टाच दुखत असेल तर मला सांग, बूट बघतो."

मला स्कूटर येत होती. मोटारसायकल कधी शिकवणार, असं मी रोज विचारायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं, "आधी बूट."

"काका, बूट काय, कुठलेही घेते मी."

"कुठलेही घेऊ नकोस. गाडीवरचे बूट वेगळे, चालायचे वेगळे. गाडीवरच्या बुटात पाय सुरक्षित राहतो, पण चालताना दोन मैलांत सोलून निघतो. चालायच्या बुटात पाय मजेत असतो, पण गाडी अंगावर पडली की घोटा गेला. आपल्याला दोन्ही बूट लागतात, आणि पाय तर दोनच आहेत. म्हणून शोधावं लागतं."

आणि आम्ही शोधायला लागलो. दोन शनिवार आम्ही करोल बागेत घालवले. काकांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत काय आहे, ते मला पहिल्या दुकानात कळलं. त्यांनी एक लाकडी फळी बाहेर काढली. तिच्यावर भंगारात गेलेल्या मोटारसायकलचा गिअरचा दांडा आणि पाय ठेवायची दांडी, दोन्ही पक्की बसवलेली होती. फळी जमिनीवर ठेवून त्यांनी मला स्टुलावर बसवलं.

"चवडा दांड्याखाली घाल. आता वर उचल. पाय अडकला? मग हा बूट नको. पुढचं टोक फार जाड आहे."

दुकानदार बघतच राहिला. "अंकल, जूता लेना है या गाडी?"

"जूता," काका गंभीरपणे म्हणाले. "गाडी तो सरकार ने दे दी है."

प्रत्येक बुटात त्यांना खोट सापडे. एकाच्या तळाच्या खाचा इतक्या खोल होत्या की तो दांडीवर अडकायचा. दुसऱ्याचा तळ गुळगुळीत. सिग्नलला सांडलेल्या तेलावर पाय टेकला तर माणूस गाडीसकट आडवा. तिसऱ्याला टाच नव्हती, म्हणजे पाय दांडीवरून पुढं सरकणार. चौथ्याला चेन होती. काकांनी ती दोनदा वरखाली केली आणि म्हणाले, "यात हरियाणाची धूळ गेली की तू बूट घालूनच झोपशील." नाड्या चालतील, पण गाठ बुटाच्या आत खोचता आली पाहिजे, नाहीतर ती कशात तरी गुंतते. बूट घालून मला उकिडवं बसायला लावत, कारण विहिरीच्या काठावर तसंच बसावं लागतं. मग दुकानाचा जिना तीनदा चढायचा, तीनदा उतरायचा. उतरताना अंगठा पुढं आपटला की तो बूट परत.

खरी अडचण मापाची होती. माझ्या पायाचे असले बूट दुकानात नव्हतेच. "लेडीज में ये नहीं आता," सगळीकडे हेच. एका दुकानदारानं शाळकरी मुलांचे काळे बूट पुढं केले. काकांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ते कंटाळले. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "त्यांच्याकडे तुझ्या पायाचा बूट नाही, ही त्यांची कमी. तुझ्या पायाची नाही. चल, बनवून घेऊ."

दिल्ली कँटोन्मेंटच्या कडेला एक म्हातारे कारागीर बसत. जवानांचे बूट शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. काकांनी मला माझ्या मुनिरकातल्या खोलीपासून तिथपर्यंत चालत नेलं. एप्रिलची दुपार होती, बस समोरून जात होत्या. मी चिडले.

"बसनं गेलं तर माप बदलणार आहे का?"

"बदलणार. थकल्यावर जो असतो तोच खरा पाय. सकाळचा पाय पाहुण्यांसमोर बसल्यासारखा असतो, आवरून सावरून."

कारागिरानं कागदावर माझे दोन्ही पाय वेगवेगळे आखले. डावा उजव्यापेक्षा किंचित मोठा निघाला, हे मला तेव्हा कळलं. काकांनी फळी मांडली, गिअरच्या दांड्याखालची उंची बोटांनी मोजून दाखवली. दोघं म्हातारे तासभर हिंदीत भांडले. तळ चिकटवलेला नको, शिवलेला हवा, म्हणजे पुढं बदलता येईल. सायलेन्सरकडच्या बाजूला कातड्याचा दुहेरी थर. चवड्यापाशी तळ वाकला पाहिजे, टाचेपाशी वाकता कामा नये. तीन आठवड्यांनी बूट आले. मी ते घातले आणि पहिल्यांदा मला वाटलं की मी या शहरात उभी आहे. तोवर मी नुसती येऊन राहिले होते.

मोटारसायकल त्यांनी चार दिवसांत शिकवली.

हे सगळं त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. नजफगढच्या पुढं एका विहिरीवर डबे उघडून बसलो होतो. मी गंमत म्हणून विचारलं, "काका, बुटांचं हे वेड कधीपासून?"

त्यांनी हातातली पोळी डब्यात ठेवली.

"राजस्थानात होतो. आमच्यातल्या एका जवानाचे वडील शेवटच्या घटका मोजत होते. त्याच्या रजेचा हुकूम माझ्याकडे होता. तो पुढच्या ठाण्यावर, मी गाडीवर निघालो. मध्येच इंजिन बसलं. म्हटलं, चालत जाऊ, बारा-तेरा मैल तर आहे. पायांत गुडघ्यापर्यंतचे गाडीचे बूट. मोठ्या रुबाबानं मिळवले होते. चार मैलांत टाचा फुटल्या. बूट काढले तर वाळू भाजते, घातले तर रक्त. पोचलो तेव्हा ज्या गाडीनं तो घरी जाणार होता ती निघून तास झाला होता. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी. बापाचं तोंड त्याला दिसलं नाही."

मी म्हणाले, "पण काका, इंजिन बंद पडलं, त्यात तुमची काय चूक?"

"इंजिन बंद पडलं ती माझी चूक नव्हती. पाय बंद पडले, ती माझी." मग पोळी उचलून म्हणाले, "तो मला काही बोलला नाही. उलट माझ्या पायांना त्यानंच मलम लावलं. जेव आता."

मी त्यांना वेडं म्हणणं त्या दिवशी थांबवलं.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मला एकटीला अरवलीतलं एक गाव मिळालं. तिथं पक्की सडक संपल्यावर तीन किलोमीटर कच्चा रस्ता आणि पुढं तेवढाच दगडांचा चढ. कच्च्या रस्त्याला लागते न लागते तोच माझ्या गाडीच्या क्लचची तार तुटली. दुपारचे बारा वाजले होते. आसपास झाड नाही, माणूस नाही. मागच्या वर्षीचा आकडा माझ्या वहीत होता. त्यात हातभर फरक करून नवा आकडा लिहिला असता, तर कुणाला कळणार होतं? खोटं कशाला बोलू, तो विचार माझ्या मनात चांगला पाच मिनिटं होता. मग मी पायांकडे बघितलं. ते दुखत नव्हते. परत फिरायला माझ्याकडे काही कारणच नव्हतं.

मी गेले. टेप तीनदा सोडली, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना. पाणी चार मीटर खाली गेलं होतं.

आठवड्यानं नव्या साहेबांनी मला बोलावलं. हुशार, तरुण, नुकतेच बदलून आलेले. काका तिथं कसल्या तरी सह्या घ्यायला उभे होते.

"मॅडम, एक साल में चार मीटर? आसपास के किसी कुएँ में इतना फर्क नहीं है. आप वहाँ तक गयी थीं?"

"हो सर. गयी थी."

"अकेली? पैदल?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त लागलं. "देखिए, गर्मी में सब थकते हैं. पिछले साल के हिसाब से ठीक कर दीजिए, बात यहीं खत्म."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकांकडे बघायची हिंमत होईना. वाटलं, ते मला विचारतील, 'पोरी, खरंच गेली होतीस ना?' आणि तसं विचारलं असतं तर मी तिथंच मोडले असते.

त्यांनी विचारलं नाही. ते साहेबांना म्हणाले, "सर, आँकडा बदलना है तो पहले कुआँ बदलना पडेगा. कल सुबह चलेंगे? जीप सडक तक जाएगी. आगे मैं हूँ."

"आप को इतना यकीन है?"

"इसके बूट मैंने बनवाए हैं सर. ये पहुँचती है."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. सडक संपली, जीप थांबली. साहेबांच्या पायांत काळे चकचकीत ऑफिसचे बूट. काकांनी ते बघितले आणि पिशवी खांद्याला अडकवली. चढाला लागल्यावर साहेबांच्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि प्रत्येक पावलाला टाळी वाजवल्यासारखा आवाज करायला लागला. साहेब एका दगडावर बसले. काकांनी पिशवीतून जाड सुई आणि मेण लावलेला दोरा काढला, साहेबांच्या पायाशी उकिडवे बसले आणि पंधरा मिनिटांत तळ शिवून दिला. टोमणा नाही, हसणं नाही. फक्त उठताना म्हणाले, "वापसी तक चलेगा."

विहिरीवर त्यांनी टेपला हात लावला नाही. ती माझ्या हातात दिली. मी खडू फासला, टेप सोडली, वर ओढली आणि साहेबांसमोर धरली. त्यांनी स्वतः वाचली. वहीतल्या आकड्याशी ताडून बघितली. मग विहिरीत वाकून बघितलं. गावातला एक म्हातारा जवळ आला होता. तो म्हणाला, टेकडीच्या पलीकडं दगडाच्या खाणी खोल गेल्यात, त्यांचे पंप दिवसरात्र पाणी उपसतात, आणि आमच्या विहिरीचं पाणी तिकडं पळतंय.

"मॅडम," साहेब म्हणाले, "रीडिंग सही है. मैं गलत था." त्यांनी विहिरीच्या काठावरच माझ्या वहीत सही केली. त्या आकड्यावरून पुढं चौकशी लागली, खाणींचे पंप थांबले, आणि दोन पावसाळ्यांनी पाणी थोडं वर आलं. थोडंच, पण आलं. मी परत जाऊन मोजलं आहे.

उतरताना काका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तीनदा टेप सोडली होतीस ना त्या दिवशी?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी असतो तर तेवढ्या वेळा सोडली असती."

एवढंच. पण जीपपर्यंतचं ते अंतर मला आठवतच नाही, इतकी मी हवेत होते.

साहेबांनी पुढं फील्डवरच्या सगळ्यांसाठी बूट मंजूर करवून घेतले, आणि ते कसे असावेत हे लिहून द्यायचं काम काकांना दिलं. काकांनी दोन पानं लिहिली. फाइल वर गेली आणि एक प्रश्न घेऊन खाली आली: मोटारसायकलसाठी आणि चालण्यासाठी एकच बूट का हवा? काकांनी समासात हिंदीत उत्तर लिहिलं, 'क्योंकि गाडी रुकती है, काम नहीं.' फाइल पास झाली. त्या पानाची प्रत मी अजून जपून ठेवली आहे.

ते निवृत्त झाले त्या दिवशी निरोप समारंभ झाला, हार झाले, भाषणं झाली. रिवाजाप्रमाणे जीप दारात उभी होती. काकांनी खिशातून त्यांच्या स्वतःच्या मोटारसायकलची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"जीप नको. ही सोडेल मला."

ती जुनी, जड गाडी. गिअर उजव्या पायाला. तिला त्यांच्याखेरीज कुणाचा हात लागलेला मी पाहिला नव्हता. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसातून आम्ही निघालो, मागं काका, गळ्यात झेंडूचा हार, डोक्यावर हेल्मेट, हात मांड्यांवर. प्रत्येक सिग्नलला मी वाट बघत होते की आता काही सांगतील, आता सांगतील. एक शब्द नाही. आर. के. पुरमात त्यांच्या सेक्टरच्या तोंडाशी मात्र त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

"थांब. उतरतो इथं."

"का? काय चुकलं माझं?"

"काही नाही चुकलं. मागं बसून काही दिसत नाही. तू जा पुढं, मला बघायचंय."

मी गेले. क्वार्टरच्या दाराशी काकू ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. मला एकटीला बघून दचकल्या.

"अगं, हे कुठेत?"

"चालत येताहेत. कोपऱ्यापर्यंत माझ्या मागं बसून आले."

"मागं बसले? हे?" काकूंनी ताट कठड्यावर ठेवलं. "अगं, आमच्या लग्नात माझा भाऊ यांना आणायला फटफटी घेऊन स्टेशनवर गेला होता. त्याच्या मागं बसायला लागेल म्हणून हे मांडवात चालत आले!"

दहा मिनिटं झाली तरी काकांचा पत्ता नाही. शेवटी काकू आणि मी कोपऱ्यापर्यंत बघायला गेलो. काका भाजीच्या गाडीपाशी उभे होते. गळ्यात हार, काखेत हेल्मेट. भोवती भाजीवाला, इस्त्रीवाला आणि सेक्टरमधली पाच-सहा माणसं. भाजीवाला दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून हलवत होता. "रिटायरमेंट की मुबारक हो, अंकलजी!"

"अरे, वो छोडो," काका म्हणाले, आणि माझ्याकडे बोट दाखवून साऱ्या सेक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागले, "ये सुनो पहले. ये लडकी चला के लाई है. पूरे रास्ते. और मैं पीछे बैठ के आया हूँ. पीछे!"